पगार वाढला, झोप राहिली

२०२५ च्या डिसेंबरचा पहिला आठवडा. लोहगाव विमानतळावर विमानं होती, प्रवासी होते. नव्हते ते वैमानिक. इंडिगोची विमानं कर्मचाऱ्यांची वाट बघत उभी राहिली, त्यांनी पार्किंगच्या जागा अडवल्या, आणि दुसऱ्या कंपन्यांचंही वेळापत्रक त्यात भरडलं गेलं. ५ डिसेंबरच्या एका दिवसात देशभरात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. कारण सांगितलं गेलं ते असं, की वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि माणसं कमी पडली. त्या दिवसांत पुण्यात चिडलेल्या लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता: महिन्याला लाखांनी पगार घेतात, वर यांना झोपही पोटभर हवी का?

प्रश्न रागातला आहे, पण त्यामागचा समज तपासून बघण्यासारखा आहे. भरपूर पगार घेणाऱ्याने बाकीच्या अटींबद्दल बोलू नये, हा तो समज. भारतातल्या नागरी वैमानिकांच्या गेल्या नव्वदेक वर्षांकडे पाहिलं तर या व्यवसायात पैसा आणि विश्रांती यांचे दोन वेगळे इतिहास दिसतात. पैसा वर-खाली होत राहिला, तरी माणसांचा तुटवडा पडला की तो हमखास वाढला. विश्रांतीचा नियम मात्र जेव्हा जेव्हा कडक करायचं ठरलं, तेव्हा तेव्हा तो आधी पुढे ढकलला गेला.

सुरुवात पुण्याच्या ओळखीच्या जागेपासून करता येते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत टपाल आणलं, हे सर्वांना ठाऊक आहे. तिथून पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. मुंबईत उतरायची जागा म्हणजे जुहूची चिखलट पट्टी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, म्हणून टाटांची ही चिमुकली कंपनी आपली दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक घेऊन पुण्याला यायची आणि येरवडा तुरुंगाशेजारच्या मैदानावरून काम चालवायची. रेडिओ नाही, दिशा दाखवणारं कुठलंही साधन नाही. घाट चढून येणारे ढग डोळ्यांनी बघायचे आणि ठरवायचं. पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ मध्ये, या कंपनीने १,६०,००० मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी नेले आणि ६०,००० रुपये नफा कमावला. हे सगळं मूठभर माणसांच्या जिवावर. विश्रांतीचे तास कुणी मोजत नव्हतं, कारण रात्री उडायची सोयच नव्हती. सूर्य मावळला की ड्यूटी संपली. नंतरच्या काळात तंत्रज्ञानाने वैमानिकाला जे काही दिलं, त्यातली रात्र ही सगळ्यात महागात पडलेली देणगी आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या विमानात कॅप्टन आणि को-पायलट यांच्याखेरीज फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर आणि रेडिओ ऑफिसर असायचे. काम पाच जणांत वाटलेलं होतं. पुढे एकेक खुर्ची रिकामी होत गेली. आधी रेडिओ ऑफिसर गेला, मग नॅव्हिगेटर, शेवटी फ्लाइट इंजिनिअर. आज साडेतीनशे प्रवाशांच्या विमानातही कॉकपिटमध्ये दोनच माणसं बसतात. यंत्रांनी पुष्कळ भार उचलला हे खरं. पण अडचणीच्या वेळी एकाच्या डोळ्यांवर झापड आली तर शुद्धीत उरतो तो एकच, हेही तितकंच खरं.

१९५३ मध्ये विमान वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण झालं. देशाबाहेर एअर इंडिया, देशात इंडियन एअरलाइन्स. पुढची चाळीस वर्षं भारतात वैमानिकाला जवळपास सरकार हाच मालक होता. पगार खासगी कंपन्यांच्या साहेबांइतका नसेल, पण सरकारी नोकरीत तो वरच्या पायरीवरचा होता; त्यात उड्डाणभत्ता, परदेशातल्या मुक्कामाचा भत्ता, कुटुंबाला सवलतीची तिकिटं आणि पेन्शनीत जाईपर्यंतची हमी. लंडनला दोन-तीन दिवसांचा मुक्काम पडायचा, कारण आठवड्याला उड्डाणंच मोजकी असत. मराठी मध्यमवर्गाच्या लग्नाच्या बाजारात 'पायलट' हे स्थळ तेव्हा इंजिनिअरच्याही वर होतं, आणि जरा संशयास्पदही. मोठ्या पगाराचा जावई चालत असे. आठवड्यातून चार रात्री घरी नसणारा जावई कितपत चालेल, याची चर्चा होई.

दोन कंपन्या, म्हणून दोन संघटना. एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. संख्येने लहान, पण हत्यार जबरदस्त, कारण एका वैमानिकाच्या जागी दुसरा आणून बसवायला वर्षं लागतात. १९९२ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला तेव्हा सरकारने उझबेकिस्तानातून टुपोलेव्ह विमानं चालकांसकट भाड्याने आणली. ९ जानेवारी १९९३ रोजी त्यातलं एक, हैदराबादहून आलेलं, दिल्लीच्या धुक्यात उतरताना कोसळून उलटलं आणि पेटलं. आतली दीडशेहून जास्त माणसं वाचली, हा निव्वळ दैवयोग. वैमानिक बदलून चालत नाहीत, हा धडा तरी त्यातून मिळायला हवा होता.

या काळाचं एक श्रेय मात्र नोंदवायला हवं. सार्वजनिक कंपन्यांनी बायकांना कॉकपिटचं दार उघडलं. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फोकर विमानाचं कोलकाता-सिलचर उड्डाण पूर्णपणे महिलांनी चालवलं. कमांडर होत्या कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि को-पायलट निवेदिता भसीन. आज भारतात वैमानिकांत बायकांचं प्रमाण सुमारे पंधरा टक्के सांगितलं जातं. जगाची सरासरी त्याच्या निम्म्यानेही नाही. बाकीच्या कहाणीत कौतुकाच्या जागा कमी आहेत, म्हणून ही मुद्दाम सांगितली.

१९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, पण खासगी विमानं त्याआधीच उडू लागली होती. दमानिया, ईस्ट वेस्ट, मोदीलुफ्त, सहारा, जेट. यांना तयार वैमानिक हवे होते आणि ते मिळण्याचं ठिकाण एकच होतं. सरकारी कंपनीतून कमांडर निघू लागले, तेव्हा त्यांना थोपवण्यासाठी सरकारने 'उत्पादकतेशी जोडलेला' प्रोत्साहनभत्ता काढला. नाव भारदस्त, अर्थ सोपा: जास्त उडा, जास्त घ्या. पगाराचा मोठा हिस्सा उडलेल्या तासांवर ठरवण्याची सवय भारतात तिथून मुरली.

पुढच्या दशकात स्वस्त तिकिटांची लाट आली. २००३ मध्ये एअर डेक्कन, २००५ मध्ये स्पाइसजेट आणि किंगफिशर, २००६ मध्ये इंडिगो. विमानं शेकड्यांनी मागवली गेली आणि ती उडवायला माणसं नव्हती. परदेशी कमांडर आणले गेले, त्यांना डॉलरमध्ये पगार आणि महिनाभर कामानंतर घरी जायची सुट्टी. शेजारच्या खुर्चीतल्या देशी को-पायलटला यातलं काही नाही. देशी कमांडरांचेही पगार झपाट्याने वाढले. याच सुमारास, २००५ मध्ये, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांना नोकरी सोडण्यासाठी सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली. २०१७ मध्ये कमांडरांसाठी ती एक वर्षाची झाली. खासगी कंपनीतल्या नोकराने राजीनाम्यानंतर वर्षभर थांबावं, असा सरकारी नियम असलेला दुसरा व्यवसाय मला तरी आठवत नाही. बाजार पगार ठरवेल म्हणायचं आणि माणसाला बाजारात जायला बंदी करायची, हा मजेशीर उदारमतवाद आहे.

बाजाराने चटकेही दिले. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं उड्डाण केलं. तिथेही तीच कथा, आणि पाच वर्षं पुनरुज्जीवनाच्या आशेवर काढल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायला सांगितली. बोइंगवर हजारो तास असलेल्या कमांडरला एअरबसवाल्या कंपनीत जायचं तर नवं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, लागतं, आणि सेवाज्येष्ठता शून्यापासून सुरू होते. कंपनी बुडाली की वैमानिकाची केवळ नोकरी जात नाही, त्याचा क्रमांक जातो. या व्यवसायात रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), विमानाचा प्रकार, कमांडची संधी, सगळं त्या क्रमांकावर चालतं.

सार्वजनिक बाजूला वेगळीच लढाई लागली होती. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वैमानिकांचे पगार आणि बढत्या एक झाल्या नाहीत. २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला: एकाच कंपनीत समान पगार द्या. २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी अठ्ठावन्न दिवस काम बंद ठेवलं: नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण दुसऱ्या गटाला का? न्या. धर्माधिकारी समितीने वाट काढायचा प्रयत्न केला. त्या अठ्ठावन्न दिवसांत वैमानिकांनी जनतेची उरलीसुरली सहानुभूती घालवली, असं माझं मत आहे. कारण ती लढाई कामाच्या वेळांसाठी नव्हती, कुणी आधी ड्रीमलायनरवर बसायचं यासाठी होती.

मग करोना आला आणि सगळे एका ओळीत आले. पगार कापले गेले, बिनपगारी रजा दिल्या गेल्या. इंडिगोने जुलै २०२० मध्ये एकूण दहा टक्के कर्मचारी कमी केले. एअर इंडियात दरमहा सत्तर तासांच्या भत्त्याची हमी होती, ती वीस तासांवर आणली गेली. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे आली, तेव्हा वैमानिकांना वाटलं जुनी हमी परत येईल. एप्रिल २०२३ च्या नव्या करारात ती चाळीस तासांची निघाली. हजाराहून अधिक वैमानिकांनी थेट रतन टाटांकडे अर्ज केला. वर्षभराने टाटांच्याच दुसऱ्या कंपनीच्या, विस्ताराच्या, वैमानिकांसमोर एअर इंडियातल्या विलीनीकरणापूर्वी तोच करार ठेवला गेला, त्यांनी आजारपणाच्या रजा टाकल्या आणि विस्ताराची उड्डाणं दिवसच्या दिवस रद्द झाली.

हमीच्या तासांवरून एवढं रण का, हे कळायला हा पगार तयार कसा होतो ते जवळून बघावं लागतं. वैमानिकाचा भत्ता 'ब्लॉक' तासांवर असतो. विमानाच्या चाकांखालचे अडसर काढून ते हललं की घड्याळ चालू, दुसऱ्या गावी जागेवर उभं राहिलं की बंद. समजा पुण्याच्या एका को-पायलटला चार सेक्टर लागलेत: पुणे-नागपूर, नागपूर-पुणे, पुणे-हैदराबाद, हैदराबाद-पुणे. प्रत्येक सेक्टर साधारण सव्वा ते दीड तासाचा. म्हणजे ब्लॉक तास साडेपाच. पण उड्डाणाआधी तासभर हजर व्हायचं, श्वासाची चाचणी द्यायची (ती चुकली तर तीन महिने परवाना निलंबित), हवामान, इंधन आणि विमानातल्या त्रुटींची यादी तपासायची. मधल्या तीन मुक्कामांत प्रत्येकी पस्तीस-चाळीस मिनिटं, ज्यात प्रवासी उतरतात, नवे चढतात आणि वैमानिक डब्यातला थंड उपमा खातो. शेवटी कागदपत्रं. ड्यूटी झाली नऊ तासांची, आणि कंपनीची कॅब दारात आल्यापासून परत सोडेपर्यंत अकरा तासांची. भत्ता साडेपाच तासांचा. दिल्लीत धुकं असेल आणि दार उघडं ठेवून दोन तास परवानगीची वाट बघत बसावं लागलं, तर ते दोन तास भत्त्याच्या हिशेबात नाहीत. विमान हललेलं नसतं ना.

म्हणूनच वैमानिकाच्या तोंडून 'महिन्याचा पगार किती' या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नाही. मोठ्या कंपनीतला कमांडर आज महिन्याला पाच-सात लाखांच्या घरात असतो, नवा को-पायलट त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात. पण यातला किती ठरलेला आणि किती तासांवरचा, ते करारावर अवलंबून. हमी जितकी कमी, तितका सुट्टीच्या दिवशी आलेला रोस्टरवाल्यांचा फोन उचलावासा वाटतो.

आता विश्रांतीकडे. भारतात ड्यूटीच्या मर्यादा बराच काळ १९९२ च्या एका परिपत्रकावर चालत होत्या. जुलै २००७ मध्ये डीजीसीएने थकव्याचा नव्याने विचार करून वैमानिकांना जास्त विश्रांती देणारा नियम काढला. कंपन्यांनी तक्रार केली की माणसं कमी पडतील. मे २००८ मध्ये नियम स्थगित झाला आणि १९९२ चं परिपत्रक परत आलं. वैमानिक संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तिथे हरल्या. सर्वोच्च न्यायालयात गेल्या, २०११ मध्ये तिथेही हरल्या.

दरम्यान मंगळूर घडलं. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं; १५८ माणसं गेली. चौकशी समितीचे प्रमुख होते पुण्याचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज होता; दोन तास पाच मिनिटांच्या मुद्रणात जवळपास एक तास चाळीस मिनिटं कमांडर झोपेत होता. उतरताना को-पायलटने पुन्हा वर जाण्याबद्दल वारंवार सुचवलं, पण झोपेतून उठलेल्या मेंदूवरचा अंमल अजून उतरला नव्हता. इथे एक गोष्ट विसरायची नाही. हा कमांडर दीर्घ सुट्टीवरून नुकताच परतला होता. जादा तासांनी तो पिळून निघाला होता असं म्हणता येत नाही. घात केला तो पहाटेच्या वेळेने, ज्या वेळी माणसाचं शरीर झोपण्यासाठीच बनलेलं आहे. तास मोजून भागत नाही, ते तास घड्याळात कुठे पडतात तेही बघावं लागतं, हे मंगळूरने दाखवलं. २०११ मध्ये नवे नियम आले, पण रात्रीच्या प्रश्नाला ते पुरेसे भिडले नाहीत. एका वैमानिकाकडून रात्रीतून सहापर्यंत लँडिंग करून घ्यायची मुभा पुढे २०२५ पर्यंत होती.

दुसरा प्रसंग मराठी घरांना जास्त जवळचा. ७ ऑगस्ट २०२० रोजी करोनाकाळातल्या 'वंदे भारत' मोहिमेतलं दुबईचं विमान कोळिकोडला पावसात धावपट्टीपुढे जाऊन कोसळलं; २१ जण गेले. कमांडर होते कॅप्टन दीपक साठे, खडकवासल्याच्या एनडीएतून घडलेले, हवाई दलातले आणि पुढे एचएएलमधले कसलेले चाचणी वैमानिक. चौकशी अहवालाने दोष प्रामुख्याने उतरण्याच्या ठरलेल्या पद्धती न पाळण्यावर ठेवला, आणि तो नाकारण्यासारखा नाही. पण त्याच अहवालात रोस्टरची एक बाजू नोंदलेली आहे. कोळिकोडला कंपनीने सव्वीस को-पायलट ठेवले होते आणि कायम नेमणुकीचा कमांडर एकच. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण साठ्यांनाच न्यायचं होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर ते उड्डाण अडलं असतं. मुसळधार पावसात उतरू पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यात उद्याचं रोस्टर असणं, ही कामाची परिस्थिती नाही तर काय आहे?

तिसरा प्रसंग अपघाताचा नाही. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर इंडिगोचा चाळिशीतला एक कमांडर पुण्याचं विमान न्यायला आला आणि बोर्डिंग गेटजवळ कोसळला, वाचला नाही. आदल्या दिवशी पहाटे त्याने तिरुवनंतपुरम-पुणे-नागपूर असं उड्डाण केलं होतं, आणि मध्ये सत्तावीस तासांची विश्रांती मिळाली होती. म्हणजे नियमाने सगळं ठीक होतं. त्या मृत्यूचं कारण ड्यूटी होती असं म्हणण्याला आधार नाही. पण 'नियमाने ठीक' या शब्दांबद्दल वैमानिकांमध्ये जी अस्वस्थता होती, ती त्या दिवशी उघड्यावर आली.

जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने नियम बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. रात्रीतून सहाऐवजी दोनच लँडिंग. मुदत दिली १ जून २०२४ ची. कंपन्या म्हणाल्या, माणसं कमी पडतील. मुदत पुढे गेली. संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे टप्पे ठरले: बावीसपैकी पंधरा कलमं १ जुलै २०२५ पासून, उरलेली १ नोव्हेंबरपासून. म्हणजे डिसेंबरात जे झालं, त्याची तारीख सगळ्यांना आधीच माहीत होती. देशांतर्गत बाजाराचा जवळपास दोन तृतीयांश हिस्सा असलेल्या कंपनीने हिवाळी वेळापत्रक मात्र वाढवून मागितलं होतं. गोंधळ झाल्यावर काय झालं? त्या कंपनीला रात्रीच्या अटींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली, आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजू नये हे कलमच सर्वांसाठी मागे घेतलं गेलं. नंतर तिच्या उड्डाणांत दहा टक्के कपात लादली गेली, पण सूट आधी आली. २००८ ची पुनरावृत्ती इतकी हुबेहूब होती, की फक्त तारखा बदलाव्या लागतील.

पुण्याला रात्रीच्या नियमाची झळ जास्त बसते, हेही इथेच सांगायला हवं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. दिवसा लढाऊ विमानांचे सराव असतात तेव्हा नागरी वाहतुकीला थांबावं लागतं, म्हणून मध्यरात्रीची आणि पहाटेची उड्डाणं इथे पूर्वीपासून भरपूर. जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल सुरू झालं, बसायला जागा झाली, धावपट्टी तीच. रात्री दीडला दिल्लीहून उतरणारा आयटीवाला पुणेकर स्वस्त तिकिटाच्या आनंदात असतो. ते तिकीट स्वस्त का, याचं एक कारण पुढच्या बाजूला, बंद दाराआड बसलेलं असतं.

अमेरिकेत हा वाद आपल्याआधी होऊन गेलाय. १९३४ मध्येच तिथे वैमानिकांचा पगार मूळ वेतन, तास आणि मैल यांच्या सूत्रात बांधला गेला आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा आली. १९७८ च्या निर्बंधमुक्तीनंतर पगार घसरत गेले. हडसन नदीत विमान उतरवणारे सलनबर्गर २००९ मध्ये संसदेपुढे सांगत होते की त्यांचा पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आणि पेन्शन बुडाली. त्याच वर्षी बफेलोजवळ एका छोट्या कंपनीचं विमान पडलं. को-पायलट तुटपुंज्या पगारावर होती आणि ड्यूटीसाठी रात्रभर प्रवास करून, देश ओलांडून आली होती. त्यानंतर २०१४ मध्ये विश्रांतीचे नियम बदलले. पगार करोनानंतरच्या तुटवड्यात वाढले. २०२३ मध्ये डेल्टाने चार वर्षांत चौतीस टक्के वाढ मान्य केली. तिथेही तेच: पैसा तुटवड्याने आला, झोप अपघाताने.

मग इथे वैमानिक संघटितपणे 'नाही' का म्हणत नाहीत? एक उत्तर बारामतीच्या धावपट्टीवर मिळतं. बारामती, गोंदिया, शिरपूर इथल्या प्रशिक्षण संस्थांत मराठी मुलं-मुली आता बऱ्याच संख्येने दिसतात. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडिया मोठी अकादमी उभी करते आहे. व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. परवाना, टाइप रेटिंग आणि कंपनीचा कॅडेट कार्यक्रम धरला तर खर्च कोटीच्या आसपास जातो. सांगली-साताऱ्याकडचे आईबाप त्यासाठी जमीन गहाण टाकतात. एक कोटीचं कर्ज अकरा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला सुमारे १ लाख ३८ हजार येतो. पंचविशीतल्या को-पायलटच्या हातात एवढा हप्ता, वर कंपनीचा बाँड, आणि भत्ता उडलेल्या तासांवर. त्याला रोस्टरवाल्याने रात्री विचारलं, 'उद्या स्टँडबायवरून काढून दोन सेक्टर देऊ का?' तर तो काय म्हणेल हे सांगायला ज्योतिषी नको.

अनुभवी कमांडरांकडे आखाताचा रस्ता आहे, आणि ते तो धरतात. कर नाही, घर मिळतं, मुलांच्या शाळेची फी मिळते. दुबई-दोह्यातल्या मराठी मंडळांत अशी कुटुंबं दिसतात. सरकारचं उत्तर मात्र नोटीस पीरियडच्या वाटेने जातं. २०२३ मध्ये आकासा एअरचे चाळीसहून अधिक वैमानिक नोटीस न पाळता निघाले, तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. माणसं का जातात, हा प्रश्न त्या खटल्यात कुणी विचारायचं कारण नव्हतं.

डिसेंबरच्या गोंधळानंतर जानेवारी २०२६ पासून इंडिगोने वैमानिकांचे मुक्कामाचे आणि डेडहेडिंगचे, म्हणजे प्रवासी म्हणून बसून दुसऱ्या गावी ड्यूटीला जाण्याचे, भत्ते वाढवले. मागितली होती विश्रांती, मिळाला भत्ता. वैमानिकांनी तो नाकारला नाही, आणि नाकारावा अशी अपेक्षाही कुणी धरू नये.

२०२४ च्या नियमांत एक कलम असं आहे ज्याची फारशी चर्चा झाली नाही. 'मी थकलोय, आज उडणार नाही' असा अहवाल वैमानिकाने दिला, तर असे अहवाल आणि त्यांवर केलेली कारवाई कंपन्यांनी दर तिमाहीला डीजीसीएकडे द्यायची आहे. डीजीसीए दरमहा कुठल्या कंपनीची किती विमानं वेळेवर सुटली, किती रद्द झाली, प्रवाशांच्या तक्रारी किती, हे आकडे जाहीर करते आणि वर्तमानपत्रं ते छापतात. कुठल्या कंपनीत थकव्याचे किती अहवाल आले, त्यातले किती मान्य झाले आणि किती जणांना 'तरीही या' म्हटलं गेलं, हेही त्याच तक्त्यात एका रकान्यात बसू शकतं. कायदा बदलावा लागणार नाही, खर्च नाही, वैमानिक वाढवावे लागणार नाहीत. तिकीट काढताना पुणेकर तो रकाना बघेल की फक्त भाडं, हा मग त्याचा प्रश्न.